स्वतःलाच ओलांडणारा पाथ: मधला भाग भरणार की तिथे भोक पडणार, हे कशावर ठरतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: पेन टूलने रिबिनीसारखा एक वेटोळेदार बंद आकार काढला. त्याच्या कडा काही ठिकाणी एकमेकींना ओलांडून जातात. इलस्ट्रेटर या चित्रं काढण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये आकार पूर्ण भरीव दिसतो, पण तोच आकार दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये नेला की जिथे रिबीन स्वतःवरून जाते तिथे पांढरी भोकं दिसतात. चूक कोणत्या सॉफ्टवेअरची आणि भोकं बुजवायची कशी?

चूक दोघांचीही नाही. पाथ म्हणजे फक्त कडा. फाइलमध्ये बिंदू, त्यांना जोडणाऱ्या सरळ किंवा वक्र रेषा आणि त्यांचा क्रम एवढंच साठवलेलं असतं. साध्या वर्तुळाच्या बाबतीत आत काय आणि बाहेर काय यावर वाद होत नाही. रेषेने स्वतःला ओलांडलं, की कॅनव्हासचे अनेक तुकडे पडतात आणि त्यांतले कोणते 'आतले' हे त्या बिंदूंमध्ये कुठेच लिहिलेलं नसतं. ते ठरवायला वेगळा नियम लागतो, त्याला फिल रूल म्हणतात. असे दोन नियम रुळलेले आहेत: नॉन-झीरो आणि इव्हन-ऑड, म्हणजे सम-विषम. तुमच्या बाबतीत पाथ जसाच्या तसा पोचला आहे. नियम मात्र वाटेत गळला, किंवा पोचूनही समोरच्या प्रोग्रॅमने तो वाचला नाही.

दोन्ही नियमांची सुरुवात एकच आहे. ज्या बिंदूबद्दल शंका आहे तिथून कोणत्याही दिशेला एक सरळ किरण आकाराच्या पार बाहेर न्यायचा आणि तो पाथला कुठे कुठे छेदतो ते बघायचं. सम-विषम नियम फक्त छेद मोजतो: संख्या विषम आली तर बिंदू आत, सम आली तर बाहेर. नॉन-झीरो नियम प्रत्येक छेदाची दिशाही बघतो. किरणाच्या रोखाने पाहताना पाथ डावीकडून उजवीकडे जात असेल तर अधिक एक, उजवीकडून डावीकडे जात असेल तर उणे एक. बेरीज शून्य आली तर बिंदू बाहेर, शून्य सोडून काहीही आलं तर आत. ही बेरीज म्हणजेच वाइंडिंग नंबर: पाथ त्या बिंदूभोवती निव्वळ किती फेरे मारतो त्याचा आकडा.

कागदावर एकदा करून पाहिलं की हे कायमचं लक्षात राहतं. एका पाथने पाच टोकांची चांदणी काढा: (५०, ५), (७८, ९०), (५, ३७), (९५, ३७), (२२, ९०) आणि पुन्हा पहिला बिंदू. उभा अक्ष एसव्हीजी या वेबवरच्या चित्र-फाइल प्रकारासारखा खाली वाढणारा धरला आहे. मधल्या पंचकोनातल्या (५०, ५२) या बिंदूवरून उजवीकडे किरण सोडला तर तो पाथला दोनदा छेदतो आणि दोन्ही वेळा पाथ खालच्या दिशेने जात असतो. छेद दोन, म्हणून सम-विषम म्हणतो 'बाहेर'. चिन्हं एकसारखी असल्याने बेरजेचं मूल्यही दोन, म्हणून नॉन-झीरो म्हणतो 'आत'. वरच्या टोकातला (५०, २०) घ्या. तिथे एकच छेद मिळतो आणि दोन्ही नियम 'आत' म्हणतात. आता दोन टोकांमधल्या खाचेबाहेरचा (८५, ७०) घ्या आणि मुद्दाम किरण डावीकडे सोडा. चार छेद मिळतात, दोन खाली जाणारे आणि दोन वर जाणारे, बेरीज शून्य. याच बिंदूवरून किरण उजवीकडे सोडला तर एकही छेद नाही, तरी उत्तर तेच. किरणाची दिशा बदलल्याने छेदांची संख्या बदलते, निकाल बदलत नाही.

प्रत्यक्षात सॉफ्टवेअर दर पिक्सेलवरून वेगळा किरण सोडत बसत नाही. एका आडव्या ओळीवरचे सगळे छेद ते डावीकडून उजवीकडे लावतं आणि ओळीतून जाताना एक मोजणी चालू ठेवतं. सम-विषमात प्रत्येक छेदाला फक्त चालू-बंद होतं, नॉन-झीरोत एक मिळवलं किंवा वजा केलं जातं. कोणी स्वतः कोड लिहीत असेल तर एक गोष्ट सांभाळा: ओळ नेमकी एखाद्या नोडमधून, म्हणजे पाथच्या बिंदूतून, गेली, की तो नोड दोन्ही शेजारच्या रेषांमध्ये मोजला जाऊन हिशेब बिघडतो. म्हणून प्रत्येक रेषेचं वरचं टोक धरायचं आणि खालचं सोडायचं, हा अर्धा-उघडा संकेत सगळीकडे सारखा पाळावा लागतो. तो चुकला की आकारातून आडवे पट्टे निघालेले दिसतात.

आता तुमच्या रिबिनीकडे. रिबिनीची बाह्यरेषा एका काठाने जाते, टोकाशी वळते आणि दुसऱ्या काठाने परत येते. साध्या वेटोळ्यात जिथे रिबीन स्वतःवरून जाते, त्या चौकटीभोवती पाथचे एकाच दिशेचे दोन फेरे होतात. आकडा दोन. नॉन-झीरो ती चौकट भरतो, सम-विषम ती कोरी ठेवतो. वेटोळ्याच्या पोटातली जागा मात्र दोन्ही नियमांत शून्य राहते आणि मोकळी दिसते, जे आपल्याला हवंच असतं. म्हणजे तुम्हाला हवा आहे तो नॉन-झीरो.

पण रिबिनीला पीळ दिला असेल, म्हणजे तिचे दोन काठ एकमेकांना ओलांडून बाजू बदलत असतील, तर गोष्ट वेगळी. पिळापलीकडच्या भागात पाथची दिशा उलटी होते आणि तिथला आकडा उणे एक होतो. हा उणे एकचा भाग अधिक एकच्या भागावरून गेला, की बेरीज शून्य! आता नॉन-झीरोसुद्धा तिथे भोक पाडतो. नियम बदलून काही होत नाही, कारण सम-विषमातही तिथे दोनच छेद येतात. नियमाचं बटण दाबून दाबून थकलेल्यांची अडचण बहुतेक वेळा ही असते. इथे पिळाच्या जागी पाथ तोडून दोन स्वतंत्र बंद आकार करणं आणि मग त्यांचं युनियन करणं, म्हणजे त्यांची क्षेत्रं मिळवून एकच आकार बनवणं, हाच खात्रीचा मार्ग आहे. वेगळ्या वस्तूंचं युनियन करताना प्रत्येक वस्तूचं क्षेत्र आधी स्वतंत्रपणे ठरतं, त्यामुळे उलट्या दिशा एकमेकींना खोडून काढत नाहीत.

दोन नियमांतला फरक तपासायला इंग्रजी '8'चा आकार म्हणूनच निरुपयोगी आहे. त्याच्या एका पाळीत अधिक एक आणि दुसरीत उणे एक असतं. दोन्ही नियम दोन्ही पाळ्या भरतात आणि फरक दिसतच नाही. फरक बघायचा तर आतल्या बाजूला गाठ पडलेली वक्ररेषा घ्या किंवा वरची चांदणी घ्या.

भोक मुद्दाम हवं असेल तेव्हा दिशेला फार महत्त्व येतं. (०, ०), (१००, ०), (१००, १००), (०, १००) असा बाहेरचा चौरस आणि त्याच कंपाऊंड पाथमध्ये, म्हणजे अनेक बंद रेषा मिळून बनलेल्या एकाच पाथमध्ये, (३०, ३०), (७०, ३०), (७०, ७०), (३०, ७०) असा आतला चौरस घ्या. दोघांची दिशा एकच, म्हणून मध्ये आकडा दोन. सम-विषमात खिडकी मिळते, नॉन-झीरोत ठोकळा. आतल्या चौरसाचा क्रम उलटा करून (३०, ३०), (३०, ७०), (७०, ७०), (७०, ३०) केला की मध्ये शून्य येतं आणि दोन्ही नियमांत खिडकी मिळते.

माझी कामाची पद्धत यावरच उभी आहे. फाइल दुसऱ्याच्या हातात जाणार असेल तर कोणता नियम बरोबर यावर वेळ घालवू नये. आकारच असा करावा की दोन्ही नियम एकच उत्तर देतील. प्रत्येक तुकड्याचा आकडा शून्य, अधिक एक किंवा उणे एक यांपैकीच असला की ते साधतं. भोकं उलट्या दिशेने आणि स्वतःवर चढलेले भाग युनियन करून सपाट, या दोन गोष्टी केल्या की पुढच्या प्रोग्रॅमचा मूळ नियम कोणता याची काळजी उरत नाही.

ही काळजी खोटी नाही, कारण मूळ नियम सगळीकडे वेगळे आहेत. एसव्हीजीमध्ये काहीच लिहिलं नसेल तर नॉन-झीरो धरला जातो. ब्राउझरच्या कॅनव्हासमध्ये, सीएसएसच्या क्लिप-पाथ पॉलिगॉनमध्ये आणि कैरो या चित्र काढणाऱ्या कोड-लायब्ररीत तसंच. इलस्ट्रेटरही नॉन-झीरोने सुरुवात करतो. फोटोशॉपचा मूळ नियम मात्र सम-विषम, त्यामुळे तिथून आणलेले गुंतागुंतीचे पाथ तो नियम सोबत घेऊन येतात. विंडोजची जुनी चित्रण-प्रणाली जीडीआय, विंडोजचीच डब्ल्यूपीएफ आणि अ‍ॅप बनवण्याची क्यूटी लायब्ररी या तिन्ही सम-विषमाने सुरू होतात. पोस्टस्क्रिप्ट आणि पीडीएफमध्ये मूळ नियम असा नाहीच. भरण्याच्या दोन वेगळ्या आज्ञा आहेत. पीडीएफमध्ये 'एफ' म्हणजे नॉन-झीरो आणि 'एफ*' म्हणजे सम-विषम. म्हणून पीडीएफमधून आकार सहसा नीट पोचतो आणि नुसते बिंदू कॉपी करून नेलेला आकार बिघडतो. अँड्रॉइडच्या व्हेक्टर ड्रॉएबलमध्ये, म्हणजे पाथने काढलेल्या आयकॉनच्या फाइलमध्ये, नियम निवडायची सोय ७.० पासून, म्हणजे एपीआय २४ पासून आली. त्याआधी फक्त नॉन-झीरो. सम-विषमावर बेतलेले आयकॉन जुन्या फोनवर काळे ठोकळे होऊन दिसतात ते यामुळे. तिथे आतल्या सबपाथची, म्हणजे भोकाच्या बंद रेषेची, दिशा उलटवणं हाच उपाय.

क्लिपिंगचा, म्हणजे एका आकाराच्या आत येईल तेवढंच चित्र दाखवण्याचा, नियम वेगळा असतो हेही ध्यानात असू द्या. एसव्हीजीमध्ये भरण्यासाठी फिल-रूल आणि क्लिपसाठी क्लिप-रूल असे दोन स्वतंत्र गुणधर्म आहेत. आकार सम-विषमाने बरोबर दिसतो, पण तोच क्लिप म्हणून वापरला की मधला भाग झाकायचा राहतो, अशी तक्रार आली तर क्लिप-रूल तपासा.

प्रत्यक्ष दुरुस्ती अशी. इंकस्केप या चित्रं काढण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये आकार निवडून शिफ्ट-कंट्रोल-एफने फिल अँड स्ट्रोक (आतला रंग आणि कडेची रेषा) उघडा. फिलच्या टॅबमध्ये वर उजवीकडे दोन छोटी चिन्हं आहेत: एक सम-विषमाचं, एक नॉन-झीरोचं. दोन्ही दाबून बघा. फरक पडला तर आकारात दोन किंवा त्याहून जास्त फेऱ्यांचा भाग आहे. फरक पडला नाही आणि तरीही नको तिथे भोक आहे, तर वर सांगितलेली पिळाची अडचण आहे. हवं ते दिसणारा नियम ठेवून त्याच एका आकारावर कंट्रोल आणि अधिकचं चिन्ह दाबून युनियन करा. इंकस्केपमध्ये हे एकट्या पाथवरही चालतं: लावलेल्या नियमाप्रमाणे जे भरलेलं दिसतं तेवढ्याचीच स्वच्छ बाह्यरेषा मिळते आणि आतल्या आडव्या-तिडव्या रेषा जातात. आधी एक प्रत बाजूला ठेवा, कारण यानंतर मूळ नोड परत मिळत नाहीत आणि छेदांच्या जागी नवे नोड तयार होतात.

दिशा बघायची असेल तर इंकस्केपच्या प्रेफरन्सेसमध्ये नोड टूलच्या पानावर बाह्यरेषेवर पाथची दिशा दाखवण्याचा पर्याय आहे. तो चालू करून नोड टूलबारमधली बाह्यरेषा दाखवा म्हणजे प्रत्येक भागावर छोटे बाण दिसतात. एकाच भोकाची दिशा उलटवायची असेल तर शिफ्ट-कंट्रोल-केने कंपाऊंड पाथ सुटा करा, आतला तुकडा निवडून पाथ मेनूतलं रिव्हर्स द्या आणि सगळे तुकडे निवडून कंट्रोल-केने पुन्हा जोडा. सुटं केल्यावर भोकाचा तुकडाही भरलेला दिसू लागतो. घाबरू नका, जोडल्यावर तो पुन्हा भोक होतो.

इलस्ट्रेटरमध्ये विंडो मेनूतून अ‍ॅट्रिब्यूट्स पॅनेल उघडा. दोन्ही नियमांची बटणं आणि पाथची दिशा उलटवण्याची बटणं तिथेच आहेत. कंपाऊंड पाथचा एकच भाग उलटवायचा तर तो डायरेक्ट सिलेक्शनच्या बाणाने निवडा. साध्या निवडीच्या बाणाने अख्खा पाथ निवडला जातो. कोडमध्ये काम असेल तर एसव्हीजीच्या त्या पाथवर फिल-रूल स्पष्ट लिहा, मूळ किमतीवर सोडू नका. एक ओळ वाढते, पण पुढे फाइल कुणी वाचली तरी हेतू कळतो.

भोकं पडण्याची आणखी काही कारणं नियमासारखी दिसतात, पण मुळात वेगळी असतात. पाथ उघडा राहिला असेल तरी फिल त्याला बंद समजतो: शेवटच्या बिंदूपासून पहिल्यापर्यंत एक अदृश्य सरळ रेषा धरली जाते आणि ती रेषा आकारातून आडवी गेली की अनपेक्षित तुकडे पडतात. स्ट्रोक लावून पाहिला की ती बाजू रेषेविना दिसते; टोकं जोडली की प्रश्न मिटतो. दुसरं, आरशातली प्रत. अख्खा पाथ उलटवला तर सगळ्याच दिशा एकदम उलटतात आणि चित्र बदलत नाही. पण अर्ध्या आकाराची आरशातली प्रत काढून ती मूळ अर्ध्याशी एका कंपाऊंड पाथमध्ये जोडली, की दोघांच्या दिशा विरुद्ध असतात आणि जिथे ते एकमेकांवर थोडे चढतात तिथे नॉन-झीरोत बारीक चीर दिसते. असं नुसतं जोडण्याऐवजी (कंबाइन) युनियन करा, चीर जाते.

ऑफसेटचं प्रकरण जरा खोल आहे. आकार आतल्या बाजूला सरकवला की अरुंद भागांत आणि टोकदार कोपऱ्यांत ऑफसेटची रेषा स्वतःवर उलटून छोट्या गाठी करते. त्या गाठींचा आकडा उणे असतो. नॉन-झीरो आणि सम-विषम दोघेही त्या भरतात, खरं तर त्या टाकून द्यायच्या असतात. म्हणून क्लिपरसारख्या लायब्ररीत 'पॉझिटिव्ह' हा तिसरा नियम असतो, जो फक्त शून्यापेक्षा मोठा आकडा असलेला भाग ठेवतो. स्वतः ऑफसेट करत असाल तर तो वापरा. चित्रकलेच्या सॉफ्टवेअरमध्ये हाताशी नसेल तर उरलेल्या गाठी नोड टूलने हातानेच काढाव्या लागतात.

रिबीन सगळीकडे एकाच जाडीची असेल तर बाह्यरेषा काढण्याची गरजच नाही. मधून एक उघडा पाथ काढा, फिल बंद ठेवा आणि स्ट्रोकला जाडी द्या. स्ट्रोकला फिल रूल लागू होत नाही, तो स्वतःवरून गेला तरी भोक पाडत नाही, पीळ असो वा नसो. पुढे बाह्यरेषा हवीच असेल तेव्हा स्ट्रोक टू पाथ करून लगेच युनियन करून घ्या. जाडी बदलती हवी असेल तर मात्र हा मार्ग सरळ लागू पडत नाही.

काम कापण्याच्या यंत्रावर जाणार असेल तर पडद्यावर भरीव दिसण्यावर अजिबात विसंबू नका. लेझर किंवा व्हिनाइल कटरला कापताना फिलशी देणंघेणं नसतं. तो प्रत्येक रेषेवरून पातं नेतो, आतल्या झाकलेल्या रेषांवरूनही, आणि रिबीन ओलांडण्याच्या जागी चार तुकड्यांत सुटते. पाठवण्याआधी आउटलाइन व्ह्यूमध्ये बघा. आत एकही रेषा एकमेकीला ओलांडताना दिसता कामा नये.

फॉन्टमध्येही हेच गणित आहे, फक्त संकेत ठरलेले आहेत. ट्रूटाइपमध्ये अक्षराची बाहेरची कड घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने आणि पोटातली पोकळी उलट्या दिशेने काढतात. पोस्टस्क्रिप्ट कुळातल्या फॉन्टमध्ये बरोबर उलट. व्हेरिएबल फॉन्टमध्ये, म्हणजे ज्यात अक्षराचं वजन (जाडी) बदलता येतं अशा फॉन्टमध्ये, अक्षराचे भाग मुद्दाम एकमेकांवर चढलेले ठेवतात, कारण युनियन केलं तर वजन बदलताना नोड जुळत नाहीत. असं अक्षर आउटलाइनमध्ये बदलून सम-विषम लावणाऱ्या प्रोग्रॅममध्ये नेलं की सांध्यांवर पांढरे ठिपके येतात. आउटलाइन केल्यावर युनियन करून मगच पुढे पाठवा.

तुम्ही शेवटी विचारलं होतं की पारदर्शकता ५० टक्के केली तर चढलेला भाग गडद का होत नाही. एकाच पाथचं क्षेत्र आधी ठरतं आणि मग रंग एकदाच लागतो, आकडा एक असो की तीन. गडद चौकट हवी असेल तर तिथे रिबीन तोडून दोन वेगळ्या वस्तू करा आणि पारदर्शकता ग्रुपला न देता प्रत्येक वस्तूला स्वतंत्र द्या. ग्रुपला दिली तर दोन्ही वस्तू आधी भरीव एकत्र होतात आणि मग एकदम फिक्या होतात, म्हणजे चौकट पुन्हा गायब.